चला, मिळून ऐकू या

गाणे ऐकायला किती माणसे लागतात? एक माणूस पुरे, असे तुम्ही म्हणाल. ते खोटे नाही. पण शेर तर पुस्तकातही वाचता येतो, तरी लोक मुशायऱ्याला का जातात? एकाने 'वाहवा' म्हटले की दुसऱ्याचे लक्ष त्या ओळीकडे जाते. आपल्या ध्यानात न आलेली खुबी शेजाऱ्यामुळे कळते. गाण्याचेही तसेच आहे. म्हणूनच मिळून ऐकण्यासाठी माणसे एकत्र येतात. तुम्ही ज्याला महफिल म्हणता, त्याच शब्दाचे मराठीत 'मैफल' झाले आहे.

काही मैफलींत गायक नसतो, तबलजी नसतो. तिथे असतात जुन्या तबकड्या, एखादा ग्रामोफोन, ध्वनिवर्धक, हेडफोन आणि त्यांचे शौकीन. अशा मैफलीला 'श्रवणसभा' म्हणता येईल. ती कशी भरवतात आणि तिचा उपयोग काय, हे या पाठात पाहू.

तीन मिनिटांचे गाणे

आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र थॉमस एडिसन याने १८७७ साली अमेरिकेत तयार केले. त्याचा आवाज एका नळकांड्यावर कोरला जाई. दहा वर्षांनी, म्हणजे १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट चकती वापरली. हीच ग्रामोफोनची तबकडी. 'तबकडी' या शब्दात तुमच्या ओळखीचा 'तबक' लपलेला आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कोलकात्याला आला. त्याने गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याला मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. तबकड्या छापण्यासाठी जर्मनीला जात. तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे, ते त्यावरून कळे.

तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर राग आळवणाऱ्या गायकांना तेवढ्या वेळात सगळे मांडावे लागे. मिरजेला स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी या छोट्या तबकड्यांवर ख्याल आणि ठुमऱ्या गायिल्या, मराठी नाट्यपदेही गायिली. बालगंधर्वांची नाट्यगीते आणि बेगम अख्तर यांच्या गझला अशाच तबकड्यांतून घरोघरी पोहोचल्या.

या तबकड्या लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणापासून बनत. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळणारा पदार्थ. तबकडी दिसायला मजबूत दिसे, पण हातातून पडली की काचेसारखी फुटे.

एकाजवळ तबकडी, दुसऱ्याजवळ यंत्र

पुढे प्लास्टिकच्या लाँगप्ले तबकड्या आल्या. मग कॅसेट आली, सीडी आली. जुन्या तबकड्या माळ्यावर गेल्या आणि तिथून भंगारवाल्याकडे. काही लोकांना मात्र याची हळहळ वाटत होती. ते जुन्या बाजारातून तबकड्या विकत घेऊन जपत. पण एकट्या माणसाची अडचण होई. एकाजवळ तबकडी असे, पण वाजवायला यंत्र नसे. दुसऱ्याजवळ यंत्र असे, तर सुया मिळत नसत. तिसऱ्याजवळ एखाद्या गाण्याची तबकडी असे, पण ते गाणे कोणत्या नाटकातले, हे चौथ्यालाच ठाऊक असे.

या अडचणीतून १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही तबकडी-संग्राहकांची संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम अनेक वर्षे सांभाळले. सभासद एकत्र जमत. एक विषय ठरवून आपापल्या तबकड्या ऐकवत आणि त्यांची माहिती सांगत. 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिकही संस्थेने काढले.

हे काम मुंबईपुरते राहिले नाही. १९९० नंतरच्या दशकात सोलापूरला आणि आपल्या जिल्ह्यातील तुळजापूरलाही या संस्थेच्या शाखा निघाल्या. तुळजापूर म्हटले की भवानीमातेचे मंदिर, संबळ आणि गोंधळ आठवतो. त्याच गावात तबकड्यांचे शौकीनही होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. श्रवणसभेला मोठे शहर लागत नाही. आवड असलेली पाच-सात माणसे पुरेशी होतात.

हेडफोनचे शौकीन

तबकडीप्रमाणे हेडफोनचेही शौकीन असतात. अमेरिकेतील नॅथनिएल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकी नौदलाला पुरवले. १९५८ साली जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणले. १९७९ मध्ये जपानी वॉकमन आला आणि माणूस रस्त्याने चालता चालता गाणे ऐकू लागला. आता तर हेडफोन मोबाइलबरोबर खिशातच असतो.

हेडफोनच्या आत एक चुंबक, तारेचे बारीक वेटोळे आणि पातळ पडदा असतो. वेटोळ्यातून विजेचा कमी-जास्त होणारा प्रवाह गेला की ते चुंबकाजवळ पुढे-मागे हलते. त्याबरोबर पडदा थरथरतो आणि हवेत ध्वनी उमटतो. ध्वनिवर्धकाचेही तत्त्व हेच असते. फरक एवढाच की हेडफोनचा पडदा लहान असतो आणि तो कानाला अगदी लागून असतो.

आता प्रश्न असा, की हेडफोन एकट्याने ऐकायची वस्तू असताना त्याच्या शौकिनांनी जमायचे कशासाठी? कारण सोपे आहे. हेडफोन कसा आहे हे खोक्यावरचे आकडे वाचून कळत नाही, तो कानाला लावूनच पाहावा लागतो. प्रत्येक जण दहा-दहा हेडफोन विकत घेऊ शकत नाही. पण दहा जणांनी आपापला एक हेडफोन आणला, तर प्रत्येकाला दहा ऐकायला मिळतात. म्हणून जगातील अनेक शहरांत असे मेळावे भरतात.

आपली श्रवणसभा

अशी सभा तुमच्या शाळेत किंवा मोहल्ल्यातही भरवता येईल. त्यासाठी पुढील गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. परीक्षेचे दिवस टाळावेत. शुक्रवार असेल तर जुम्याच्या नमाजानंतरची वेळ ठेवावी. तुळजापूरला सभा असेल, तर नवरात्रातील यात्रेचे दिवस नकोत. त्या वेळी गावात पाऊल ठेवायला जागा नसते. वीज कोणत्या वेळी जाते, याचीही चौकशी आधी करावी. चावीचा ग्रामोफोन असेल तर मात्र विजेची काळजी नाही. त्याला चावी दिली की तो आतल्या स्प्रिंगवर फिरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. बसस्थानक किंवा पिठाची गिरणी शेजारी असेल, तर बारीक सूर ऐकू येणार नाहीत. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. म्हणून जमिनीवर सतरंज्या अंथराव्यात आणि खिडक्यांना जाड पडदे किंवा चादरी लावाव्यात. कापड आवाज शोषून घेते. माणसे बसली की खोली आणखी शांत होते. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात सभा घेऊ नये, हे सांगायला नकोच.

तिसरी गोष्ट म्हणजे कार्यक्रम. सभा दोन तासांची असावी. तीन मिनिटांची बारा गाणी ऐकली तर छत्तीस मिनिटे होतात. उरलेला वेळ बोलण्यासाठी आणि चहासाठी राहतो. एकामागून एक चाळीस गाणी लावली, तर घरी जाताना एकही लक्षात राहत नाही. दर वेळी एक विषय घ्यावा : पावसाची गाणी, गझला, नाट्यपदे किंवा कव्वाली.

चौथी गोष्ट म्हणजे तुलनेची रीत. दोन हेडफोनांतील चांगला कोणता, हे ठरवायचे असेल तर दोन्हींवर एकच गाणे ऐकावे आणि आवाजही सारखाच ठेवावा. आवाज थोडा मोठा असला की तोच चांगला आहे, असे आपल्या कानाला वाटते. दुकानदाराला ही गोष्ट चांगली ठाऊक असते. शक्य असेल तर कंपनीचे नाव कागदाने झाकावे. नाव दिसले की किंमत आठवते, आणि महाग वस्तूचा आवाज आपोआप गोड वाटू लागतो. नाव झाकल्यावर कधी कधी स्वस्त हेडफोन पसंत पडतो आणि सगळे हसू लागतात.

पाचवी गोष्ट म्हणजे शिस्त. दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. तबकडी कडेला धरावी. तिच्या खाचांवर बोटे टेकवू नयेत. ती उभी ठेवावी, आडवी रचू नये. जुनी तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. ग्रामोफोनची पोलादी सुई दर बाजूला बदलावी, नाहीतर बोथट सुईने खाचा झिजतात. हेडफोनच्या गाद्या प्रत्येकाने ऐकल्यावर पुसाव्यात. कानात घालायचे इअरफोन मात्र एकमेकांचे वापरू नयेत.

कानाची काळजी

मोठा आवाज कानाच्या आतील नाजूक पेशींना इजा करतो, आणि त्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या आतच ठेवावा. हेडफोन घातला असताना समोरच्याचे साधे बोलणे ऐकू आले नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

ध्वनिवर्धक लावायचा असेल तर शेजाऱ्यांचाही विचार करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. चांगल्या श्रवणसभेचा आवाज खोलीबाहेर जात नाही.

नोंदवही का हवी ?

सभेतील सर्वांत महत्त्वाची वस्तू ग्रामोफोन नव्हे, हेडफोनही नव्हे. ती आहे एक साधी वही. प्रत्येक गाण्याचे नाव, गाणारा, कंपनी, तबकडीवरचा क्रमांक आणि ती कोणी आणली, हे तिच्यात लिहून ठेवावे. पुष्कळ तबकड्यांवर साल छापलेले नसते. तेव्हा संग्राहक मधल्या कागदावरचे किंवा त्याच्या जवळ कोरलेले क्रमांक पाहतात आणि इतर तबकड्यांशी ताडून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवतात. एका वहीतील क्रमांक दुसऱ्या गावच्या माणसाचे कोडे सोडवू शकतो.

आवाज किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण पाहा. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे एक गाणे अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांतील सोनेरी तबकडीवर घातले. ही याने आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहेत. केसरबाईंचा सूर जपला गेला, म्हणूनच तो इतका दूर जाऊ शकला. ज्यांचे गाणे कोणी जपले नाही, त्यांची फक्त नावे उरली. काहींची तर तीही नाहीत.

असे आवाज आपल्या घरातही असतात. मराठवाड्यातील बायका पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. विजापूरच्या सूफींनी दख्खनी बोलीत चक्कीनामे रचले. तेही दळताना गायिले जात. जाती थांबली, गिरण्या आल्या आणि ती गाणी कमी झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या राहिल्या. तुमच्या घरी एखाद्या जुन्या कॅसेटवर दादीने म्हटलेले लग्नाचे गाणे असेल, नानांचा आवाज असेल. कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, ती चिकटते आणि तुटते. फीत खराब झाल्यावर तो आवाज कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

म्हणून पहिल्या श्रवणसभेला महागड्या हेडफोनची वाट पाहू नका. घरातील जुन्या पेट्या उघडा. एक कॅसेट, एक तबकडी, काहीही सापडले तरी चालेल. ज्याच्याकडे चालू यंत्र आहे, त्याला बोलवा. गाणे ओळखणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मानाने पुढे बसवा. त्या आवाजाची एक प्रत मोबाइलमध्ये आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालायला विसरू नका.