चित्रपटांची देवघेव

ग्रंथाची देवघेव आणि चित्रपटाची देवघेव यांत एक मूलभूत भेद आहे. वाचल्याने ग्रंथातील मजकूर घटत नाही. चित्रफीत मात्र प्रक्षेपकातून वारंवार गेली की झिजते, क्वचित तुटते, आणि जोडताना तिच्या काही चौकटी गमवाव्या लागतात. बोलपटात सेकंदास २४ चौकटी सरकतात. तेवढ्या गेल्या तरी संवादातील शब्द लोपतो.

म्हणूनच चित्रपट-संग्रहालये जतनाची प्रत देवघेवीच्या प्रतीहून वेगळी ठेवतात. जतन न झाल्याचा परिणाम ‘आलम आरा’वरून (१९३१) दिसतो : भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथालयातून मिळणाऱ्या डीव्हीडीमुळे मूळ फीत झिजत नाही. परंतु ती ज्या प्रतीवरून उतरविली, तिची न्यूने तिच्यातही येतात. सबब अभ्यासकाने सेन्सॉर प्रमाणपत्रातील लांबी पाहावी. ३५ मिलिमीटरची सुमारे २७ मीटर फीत एका मिनिटात सरकते, या हिशेबाने कालावधी ताडावा. डीव्हीडी सेकंदास २५ चौकटींच्या वेगाने उतरविलेली असल्यास चार टक्के तूट स्वाभाविक होय. त्याहून अधिक तूट आढळल्यास, अमुक दृश्य चित्रपटात नाही, असा निष्कर्ष त्या एका प्रतीवरून काढू नये.