पाऊस रियुनियनचा, पूर पोर्ट लुईचा

चोवीस तासांत 1825 मिलिमीटर! जानेवारी 1966 मध्ये डेनिस वादळानं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, फॉक-फॉक इथं ओतलेला हा पाऊस आजही जागतिक विक्रम आहे. मुंबईतल्या सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी नोंदले गेलेले 944 मिलिमीटर त्याच्या जेमतेम निम्मे. याच रियुनियनच्या शेजारी मॉरिशस. तिथं 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईत दोनएक तासांत दीडशे मिलिमीटर पडला आणि 11 माणसं दगावली. तरीही पुराची बातमी सुरू होते ती पावसाच्या आकड्यानंच.

कोणी म्हणेल, फॉक-फॉक ज्वालामुखीच्या निर्मनुष्य उतारावर आहे, तिथं बुडायला आहेच कोण? बरोबर, पण मुद्दा तोच आहे. रियुनियनचे तीन हजार मीटरचे डोंगर दमट वारे वर रेटतात, पाणी कोसळतं. त्यातलं बरंचसं सच्छिद्र लाव्हा गिळतो आणि उरलेलं खोल घळींतून समुद्र गाठतं. बेट सुटतं असं नाही: 1980 च्या इयासिंत वादळात तिथं 25 जण गेले, 2007 मध्ये गामेडनं सेंत-एतियेन नदीवरचा पूल पाडला. पोर्ट लुईची गोष्ट वेगळी. शहराच्या पाठीशी उभे डोंगर, तिथून घसरत येणारे ओढे काँक्रीटच्या कालव्यांत कोंबलेले आणि खाली बंदराजवळ रस्त्याच्याही तळाशी गेलेला पादचारी भुयारी मार्ग. पंगती दिवसभर उठत राहिल्या तर हात धुवायला एक मोरी पुरते. सगळी मंडळी एकदम उठली की ओसरीभर चिखल. कालव्याबाहेर आलेलं पाणी त्या दिवशी सगळ्यात खोल जागा शोधत गेलं. काही बळी त्या भुयारातच गेले.

यावर हवामानबदलाचं उत्तर तयार असतं. ते खोटं नाही. तापमान एक अंशानं वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे सरी आणखी जोरकस होणार. पण म्हणूनच निचऱ्याची वाट आधी मोठी करायला हवी होती. मॉरिशसनं त्यासाठी 2017 मध्ये खास प्राधिकरणाचा कायदा केला. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात त्याच राजधानीतल्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या, आणि पद सोडलं ते हवामान खात्याच्या संचालकांनी. इशाऱ्यात कसर राहिली असेलही; ओढ्यांचे कालवे मात्र वेधशाळेनं बांधलेले नव्हते.