पेनड्राइव्हवरून अक्षरजुळणी

विंडोजवर बसवलेला बहुतेक कोणताही प्रोग्राम स्वतःच्या फोल्डरबाहेर बराच पसारा मांडतो. काही नोंदी रजिस्ट्रीत जातात, काही फायली सिस्टिमच्या फोल्डरात, फॉन्ट फॉन्टच्या फोल्डरात. त्यामुळे त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकाला लावला, तर तो उघडतच नाही किंवा उघडून अर्धवट चालतो. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरची अट साधी असते: लागेल ते सगळे बरोबर आणायचे आणि यजमान संगणकावर काही ठेवून जायचे नाही.

मराठी डीटीपीची परंपरा याच्या उलट आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही पॅकेजे वर्षानुवर्षे डोंगलसह विकली गेली. डोंगल म्हणजे आधी प्रिंटरच्या पोर्टला आणि नंतर यूएसबीला लावायचे छोटे कुलूप. खिशात फिरायची ती किल्ली, सॉफ्टवेअर दुकानातल्या संगणकातच राहायचे. शिवाय जुन्या फॉन्टचे संकेतन युनिकोड नव्हते, म्हणून तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसे.

टेक ही प्रणाली वेगळ्या मुशीतली आहे. स्टॅनफर्डचे डोनाल्ड नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते पाहून निराशा आली, आणि त्याच वर्षी त्यांनी अक्षरजुळणीचा स्वतःचा प्रोग्राम करायला घेतला. टेक फुकट आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतो. पेनड्राइव्हच्या दृष्टीने मात्र त्याच्या आजच्या वितरणांचा एक गुण सगळ्यांत मोलाचा. प्रोग्राम सुरू होताच तो स्वतः कोणत्या फोल्डरातून चालतो आहे हे शोधतो आणि बाकीच्या फायलींचे पत्ते त्यावरून ठरवतो. त्यामुळे एका संगणकावर पेनड्राइव्हला ई हे अक्षर मिळाले आणि दुसऱ्यावर जी, तरी बिघडत नाही.

टेक लाइव्ह हे वितरण १९९६ मध्ये सीडीवर आले. सीडी घालायची आणि तिच्यावरूनच काम सुरू करायचे, अशी ती सोय होती. आजच्या डिस्कवर किंवा आयएसओ फाइलमध्ये पॅकेजे दाबून भरलेली असतात, त्यामुळे ती आधी कुठेतरी उलगडावी लागतात. इन्स्टॉलरमध्ये ‘पोर्टेबल’ हा पर्याय निवडून ठिकाण म्हणून पेनड्राइव्ह दिला, की रजिस्ट्रीत नोंद होत नाही, सिस्टिमचा पाथ बदलत नाही, स्टार्ट मेनूत काही दिसत नाही. एरवी वापरणाऱ्याच्या खात्यात जाणाऱ्या तात्पुरत्या फायली आणि सेटिंगही पेनड्राइव्हवरच राहतात. विंडोजवर काम सुरू करण्यासाठी छोटा ट्रे-मेनू मिळतो.

हे सारे कामाला येते ते शहपुऱ्यासारख्या ठिकाणी. जबलपूर जिल्ह्यातले हे तहसिलीचे गाव हिंदी मुलखात आहे, आणि जबलपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथल्या एखाद्या हिंदीसाठी मांडलेल्या संगणकावर मराठी स्मरणिका जुळवायची झाली, तर देवनागरी एकच असूनही अडचणी येतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानेही त्यांचाच आग्रह धरला. हिंदी वळणाच्या फॉन्टात ही दोन्ही अक्षरे वेगळी येतात. ‘शहपुऱ्यात’ एवढे लिहायलाही ऱ्य लागतो, जो हिंदी टंकनात क्वचितच कोणाच्या हाताखाली येतो. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी आणलेल्या झीटेकमुळे टेकला युनिकोड आणि ओपनटाइप फॉन्ट सरळ वापरता येऊ लागले. लुआटेकची नवी आवृत्तीही देवनागरी नीट जुळवते. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे सांगितले, की ज्या फॉन्टात मराठी वळणे भरलेली आहेत तो ती आपोआप काढतो. त्यासाठी फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी आणि तिला फाइलच्या नावाने बोलवावे. फॉन्टच्या नावाने बोलावले, तर शोध यजमान संगणकाच्या फॉन्टपर्यंत जाऊ शकतो आणि तिथली जुनी आवृत्ती हाती येऊ शकते.

खरी गोम पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये आहे, आणि इथेच बहुतेकांचा वेळ जातो. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून टेक लाइव्हची अलीकडची आयएसओ त्यावर कॉपीच होत नाही. एक्सफॅटवर ती बसते, पण संपूर्ण टेक लाइव्ह उलगडले की एक लाखाहून अधिक फायली होतात आणि त्यांतल्या पुष्कळ अगदी चिमुकल्या असतात. ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोज एक्सफॅटसाठी सहसा १२८ केबीचा कप्पा देते. फाइल दोन केबीची असली, तरी तिला पूर्ण कप्पा लागतो. एक लाख फायलींचा हिशेब केला तरी १२ जीबीहून जास्त जागा जाते, मजकूर कितीही कमी असो. एनटीएफएसचा नेहमीचा कप्पा ४ केबीचा, म्हणून फक्त विंडोजवर वापरायचे असेल तर तोच बरा. लिनक्सची गोष्ट निराळी. तिथे टेकमधल्या अनेक आज्ञा म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे बोट दाखवणारे दुवे असतात, आणि एफएटी किंवा एक्सफॅटवर असे दुवे करता येत नाहीत. लिनक्ससाठी ईएक्सटी४ चा वेगळा भाग करावा लागतो.

संपूर्ण संच सात-आठ जीबीचा असला, तरी सगळा घेण्याची गरज नसते. लहान संच बसवून त्यात झीटेक, मराठीची शब्दतोड आणि लागणारी पॅकेजे घातली, की स्मरणिकेचे काम भागते. मार्गदर्शिका आणि स्रोत-फायली वगळल्या तर आकार निम्म्याच्या आसपास येतो. मिकटेक या दुसऱ्या वितरणालाही पोर्टेबल रूप आहे, पण ते कमी पडलेले पॅकेज ऐन वेळी इंटरनेटवरून आणते. जिथे नेट डळमळीत, तिथे पहिली प्रत घरीच पूर्ण जुळवून पाहावी.

वेगाची अपेक्षा बेताची ठेवावी. टेक प्रत्येक वेळी शेकडो छोट्या फायली उघडतो आणि स्वस्त पेनड्राइव्ह नेमका तिथेच मंदावतो. यूएसबीची बाहेरची एसएसडी हा त्यावरचा उत्तम उपाय. अनोळखी संगणकाकडून विषाणूचाही धोका असतो: २००८ मधला कॉन्फिकर पेनड्राइव्हवरूनही पसरला होता. काही कार्यालये बाहेरच्या ड्राइव्हवरचे प्रोग्राम चालवूच देत नाहीत. तिथे पोर्टेबल टेकचाही इलाज चालत नाही.

टेक लाइव्हची नवी आवृत्ती दर वर्षी येते. २०२३ पासून विंडोजचे प्रोग्राम ६४ बिटी झाले, म्हणून ३२ बिटी जुन्या संगणकासाठी २०२२ ची आवृत्ती जपावी लागते. पेनड्राइव्हवर जागा असेल, तर वर्षाच्या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी ठेवता येतात. ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तयार पीडीएफ छापखान्याकडे देण्याआधी तिच्या माहितीच्या चौकटीतली फॉन्टची यादी पाहावी. झीटेक आणि लुआटेक फॉन्ट पीडीएफमध्येच भरतात, म्हणून छापखान्याच्या संगणकावर ना टेक लागते ना तो फॉन्ट.