कामगंध सापळ्यातील पतंग आणि कपाशीचा वाण

गुलाबी बोंडअळी दृष्टीस पडते ती बहुधा नुकसान होऊन गेल्यावर. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीतच पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. प्रवेशाचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी भासते. आगाऊ सूचना मिळावी म्हणून कामगंध सापळ्याचा अवलंब झाला. मादीच्या गंधातील क्रियाशील द्रव्य, गोसिप्ल्यूर, १९७३ साली ओळखले गेले. एकाच संयुगाची दोन रूपे त्यात जवळजवळ समप्रमाणात असतात.

हेक्टरी ५ सापळे लावावेत व सलग ३ रात्री प्रत्येकी सरासरी ८ पतंग सापडल्यास उपाय योजावा, असा संकेत रूढ आहे. तो उपयुक्त खरा. परंतु हा आकडा पुष्कळदा किडलेल्या बोंडांची मोजदाद असल्याप्रमाणे वाचला जातो. वस्तुतः सापळ्यात येतात ते केवळ नर, आणि ते त्याच शेतातील असतील असेही नाही.

त्या आकड्याचा अर्थ पिकाच्या अवस्थेवरून ठरतो. हंगामारंभी सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना पावसावर पेरलेल्या कपाशीत पाते सापडत नाही; त्यांची संतती अन्नावाचून मरते. मे महिन्यात ओलिताखाली लावलेल्या शेतात मात्र तेवढेच पतंग पहिल्या पिढीचे जनक ठरतात. हंगामाच्या अखेरीसही असाच भेद दिसतो. लवकर पक्व होणाऱ्या वाणाची बोंडे फुटू लागली असता शेजारच्या दीर्घमुदतीच्या संकरित कपाशीतील नर त्याच्या सापळ्यात येऊ शकतात. तेथे फवारणी व्यर्थच. त्या संकरित वाणावर हिरवी बोंडे अद्याप टिकून असतात, आणि फरदड घेतल्यास किडीला आणखी काही महिने अन्न मिळते.

आमिषाचीही मर्यादा आहे. शेतात माद्या वाढल्या की त्यांचा गंध आमिषाशी स्पर्धा करतो व नर कमी सापडतात. जुन्या झालेल्या आमिषानेही तेच घडते. अल्प संख्या म्हणजे किडीचा अभाव, हा निष्कर्ष अशा वेळी घातक होय.

२०१७ साली विदर्भात बीटी कपाशीवरही ह्या अळीने मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनावश्यक फवारणीची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, ती अशी. म्हणून सापळ्याच्या नोंदीसोबत एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत; त्यांपैकी २ किडलेली आढळल्यास उपाययोजना समर्थनीय ठरते.