दिवा लागतो, मग सेल्फ नुसता ‘कट-कट’ का करतो?

दहा-बारा वर्षं वापरलेली मोटरसायकल. चावी फिरवली की दिवा लागतो, हॉर्नही वाजतो. पण सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून नुसती कट-कट-कट. ‘बॅटरी गेली’ म्हणत लोक थेट नवी घेऊन येतात. थोडं थांबा, त्या आवाजातच बरंचसं निदान आहे.

हेडलाइटला साधारण 3 अँपिअर वीज पुरते. थंड इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर 50 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. बारीक धारेच्या नळावर तांब्या भरतो, टँकर भरत नाही.

बटण दाबलं की थोडी वीज आधी रिलेत जाते. आतली तारेची गुंडाळी चुंबक बनते, पट्टी ओढून घेते आणि मोटरचा रस्ता जोडते. मोटरने वीज ओढताच व्होल्टेज कोसळतं, चुंबक ढिला पडतो, पट्टी सुटते. भार उतरला की व्होल्टेज पुन्हा वर, पट्टी पुन्हा चिकटते. सेकंदात अनेकदा!

म्हणून मल्टिमीटर बटण दाबलेलं असतानाच बघायचा. नुसत्या बॅटरीवर दिसणारे 12.6 व्होल्ट फसवतात. बॅटरीच्या शिशाच्या टोकांवरच आकडा 10च्या बराच खाली गेला, तर बॅटरी कमजोर किंवा उतरलेली. तिथे तो टिकला, तर दोष वाटेत: टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी, ढिला नट, नाहीतर इंजिनला जाणारी अर्थची वायर. या वायरीकडे कुणीच बघत नाही, मी आधी तीच बघायला सांगेन. निगेटिव्ह प्रथम सोडा, टोकं पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर व्हॅसलिन लावा.