श्वानदंशाची सांकेतिक नोंद

कुत्र्याने चावा घेतलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा तो आजारी नसतो. जखम पुष्कळदा लहान असते, तापही नसतो. तथापि रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य होय. म्हणूनच रोग आणि रोगाशी आलेला संपर्क यांची नोंद वैद्यकीय दप्तरात निरनिराळी केली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्यक्ष रेबीजला ‘ए ८२’ हा संकेतांक आहे. संपर्क आलेल्या, पण रोग न जडलेल्या व्यक्तीसाठी ‘झेड २०.३’ योजला आहे. कुत्रा चावल्याचे कारण ‘डब्ल्यू ५४’ खाली येते. त्यापुढील एक अंक घटनास्थळ सांगतो: घर ०, शाळा २, रस्ता ४, शेत ७. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या अंकाचे मोल ग्रामपंचायतीस व शिक्षकांस अधिक आहे. चावे गावरस्त्यावर होतात की शाळेच्या आवारात, हे त्यावरून उमगते. केसपेपरवर नुसते ‘कुत्रा चावला’ एवढेच लिहिले, तर ही माहिती कायमची हरवते.

संपर्क किती गंभीर, हे मात्र संकेतांक सांगत नाही. त्यासाठी श्रेणी स्वतंत्र लिहावी लागते. जनावराने धड त्वचेस चाटले तर पहिली श्रेणी. तीत लस लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा ही दुसरी. तीत लस द्यावी लागते. त्वचा भेदणारा चावा तिसऱ्या श्रेणीत मोडतो. तेथे लसीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही टोचणे आवश्यक ठरते. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे हे या सर्वांआधीचे काम. (पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजून ऐकू येते, ती जुनी लस केव्हाच वापरातून गेली.)

खानदेशात या नोंदीला आणखी एक कारण आहे. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून मजुरीसाठी माणसे दूर जातात. त्वचेत टोचावयाच्या लसीचे दिवस ०, ३, ७ व २८ असे आहेत. पहिल्या मात्रा गावी घेतलेला मजूर अठ्ठाविसाव्या दिवशी परजिल्ह्यात असला, तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यास त्याच्या खिशातील कागदाखेरीज आधार नसतो. त्यावर संकेतांक, श्रेणी आणि दिलेल्या मात्रांच्या तारखा असल्या, की राहिलेली एक मात्रा तेथेच देता येते.