९९.९ टक्के वेळेवर, पण कोणाच्या घड्याळाने?

ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतंय आणि दाराशी काहीच नाही, असं तुमच्या बाबतीत कधीतरी झालंच असेल. कंपनीच्या हिशोबात ती ऑर्डर वेळेवर पोचली, तुमच्या हिशोबात नाही. पुरवठा साखळीची, म्हणजे सप्लाय चेनची कामगिरी मोजताना खरी मेख इथेच असते. ती समजून घ्यायला एक अवाढव्य उदाहरण घेऊ: सौदी अराम्को.

अराम्को आपल्या वार्षिक अहवालात पुरवठ्याच्या विश्वासार्हतेचा आकडा देते. २०२० साली तो ९९.९ टक्के होता. सूत्र सोपं आहे. ठरलेल्या वेळेच्या २४ तासांच्या आत जेवढा माल दिला, त्याला कबूल केलेल्या एकूण मालाने भागायचं. पण त्यात एक अट आहे. उशीर कंपनीच्या हातातल्या कारणाने झाला तरच आकडा खाली येतो. खराब हवामानासारखी हाताबाहेरची कारणं धरली जात नाहीत.

यात मापात पाप नाही. आपली माणसं आणि यंत्रणा कसं काम करतात हे कंपनीला बघायचं असेल, तर वादळाचा दोष त्यांच्या माथी मारून काय उपयोग? पण समुद्रापलीकडे तेलाची वाट बघणाऱ्या रिफायनरीला उशीर तो उशीरच. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारा: हे माप कोणाच्या बाजूने घेतलंय?

दुसरा प्रश्न: मापातून काय सुटलंय? ग्राहकाला माल वेळेवर हवा असतो, पूर्ण हवा असतो, धड हवा असतो आणि त्याची कागदपत्रंही बरोबर हवी असतात. समजा या चारही गोष्टी प्रत्येकी ९५ टक्के वेळा जमतात आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. मग चारही एकदम जमण्याचं प्रमाण किती? चारदा ९५ टक्क्यांचा गुणाकार करा, उत्तर येतं जेमतेम ८१ टक्के. चार विभाग खूश, आणि दर पाचातला जवळपास एक ग्राहक नाराज! या एकत्रित मापाला ‘परफेक्ट ऑर्डर’ म्हणतात.

आता खरी परीक्षा. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीतल्या अबकैक आणि खुरैस इथल्या तेल प्रकल्पांवर हल्ला झाला. दिवसाला ५७ लाख बॅरल उत्पादन थांबलं, म्हणजे देशाचं निम्म्याहून जास्त. कंपनीने ११ दिवसांत उत्पादन पूर्वपदावर आणलं. मधल्या काळात साठ्यातलं तेल कामी आलं. देशातल्या टाक्यांशिवाय रॉटरडॅम, ओकिनावा आणि इजिप्तमधल्या सिदी करीर इथेही अराम्कोचा साठा असतो. तरीही आशियातल्या काही ग्राहकांना हलक्या तेलाऐवजी जड तेल देऊ केलं गेलं, काहींच्या तारखा पुढे गेल्या. एकूण तेल होतं, पण हव्या त्या प्रतीचं पुरेसं नव्हतं.

एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेवी यासाठी दोन कालावधी मोजायला सांगतात. एक, बिघाडानंतर सावरायला किती दिवस लागतील. दुसरा, तोवर ग्राहकाला झळ न लागू देता किती दिवस तग धरता येईल. तग धरायचे दिवस जास्त असतील तर निभावलं. अबकैकच्या बाबतीत ११ दिवसांची तूट, पहिल्या दिवसाच्याच वेगाने धरली तरी, सव्वासहा कोटी बॅरलच्या आसपास येते. हा हिशोब प्रत्येक प्रतीसाठी वेगळा करावा लागतो, कारण जड तेलाचा साठा हलक्या तेलाची तूट पूर्ण भरून काढत नाही.

आता गंमत बघा. संकट नसताना हाच साठा खर्चाच्या रकान्यात ‘अडकलेला पैसा’ म्हणून दिसतो. ज्या मॅनेजरचं बक्षीस फक्त साठा कमी करण्यावर ठरतं, तो साठाच कमी करणार. त्याचा दोष नाही, मापच तसं आहे. सुधारणा करायची तर खर्चाच्या शेजारी हे दोन कालावधीही लिहायला हवेत.

तुमच्यापैकी कितीतरी जण ॲनालिस्ट म्हणून असेच डॅशबोर्ड बनवत असतील. पुढच्या मीटिंगमध्ये कोणी साठा ‘जादा’ आहे म्हणालं, तर विचारा: कुठल्या मालाचा, आणि तो किती दिवस पुरेल? आपल्याकडे याला पावसाळ्याची बेगमी म्हणतात. ती जादा होती की पुरेशी, हे उन्हाळ्यात ठरत नाही.